परतीचं तिकीट

मंगळवार, रात्र

आमच्या चर्चच्या मणिपूर शांतीयात्रेच्या बैठकीत मावशींनी विचारलं, "परत कधी यायचंय?" साधा प्रश्न. तिकिटं काढायची तर तारीख हवीच. पाळकसाहेबांनी कॅलेंडर उघडलं. कुणाच्या नातवाची परीक्षा, कुणाची रजा, कुणाचं डोळ्याचं ऑपरेशन, सगळं बघून परतीची तारीख पक्की झाली. जायची अजून ठरायची आहे. मणिपुरातून आपल्याला बोलावलंय कुणी, तिथे जाऊन करायचं काय, हे तर पुढच्या बैठकीवर गेलं. तेव्हापासून डोक्यात तेवढंच घोळतंय. आपण निघायच्या आधीच परतलोय.

चूक कुणाचीच नाही. घरदार सगळ्यांना आहे. पण ज्यांना भेटायला जायचं त्यांच्याकडे परतीचं तिकीट नसतं, आणि चर्चच्या शांतीयात्रांमध्ये जे जे बिघडतं ते बहुतेक या एका फरकातून बिघडतं, असं मला फार वाटतं. मी टिपण काढून दिलं होतं. कुणी उलगडलंसुद्धा नाही. बॅनर निळा की पांढरा यावर मात्र सगळे भरभरून बोलले. घरी येईपर्यंत घसा दाटला होता. इतकं वाचायचं, विचारायचं, जुळवायचं, ते कुणासाठी? बाबा असते तर... असो.

हालापाचं आठवत राहतं. १९८३च्या एप्रिलमध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या चर्चची तीसेक माणसं निकाराग्वात, होंडुरासच्या सीमेलगतच्या हालापाला गेली. कॉन्ट्रा बंडखोर सीमेपलीकडून येऊन हल्ले करायचे, आणि त्यांच्यामागे पैसा या पाहुण्यांच्याच सरकारचा. अमेरिकन माणसं गावात असली तर हल्ला होत नाही, हे तिथे ध्यानात आलं. मग जुलैत दीडशेच्या आसपास माणसं गेली. त्याच वेळी तो प्रश्न उभा राहिला: आपण आहोत तोवर गोळी सुटत नाही, तर आपण निघाल्यावर काय? प्रार्थना करून ते गप्प बसले नाहीत. त्याच वर्षी 'विटनेस फॉर पीस' ही संघटना उभी राहिली आणि लांब मुदतीने राहणारी माणसं तिथे ठेवायची पद्धत पडली. थोड्या दिवसांसाठी येणारे गट त्या राहणाऱ्यांच्या आधाराने यायचे, बघायचे, घरी जाऊन आपल्या खासदारांना गाठायचे. मुक्काम करणारे आणि परतून बोलणारे अशी दोन कामं वेगळी झाली. आपल्याकडे दोन्ही कामं त्याच पाचसहा जणांवर, आणि तीही एका आठवड्यात.

तरी परतणाऱ्यांनाच दोष देऊन भागत नाही. नागालँडचं बघितलं की हे कळतं, आणि आपल्याच देशातली गोष्ट असून आपल्या मंडळीत ती कुणाला ठाऊक नसते याचं मला फार वाईट वाटतं.

१९६४च्या सुरुवातीला वोखा इथे नागा बॅप्टिस्ट मंडळ्यांचं अधिवेशन भरलं. नागालँड राज्य होऊन जेमतेम दोन महिने झालेले, जंगलात स्वतंत्र देश मागणाऱ्या नागा भूमिगतांची भारतीय लष्कराशी लढाई चालूच. अधिवेशनाने स्वतःचे पुढारी मध्यस्थ म्हणून पाठवले नाहीत. शांती मंडळ झालं ते तिघांचं: जयप्रकाश नारायण, आसामचे मुख्यमंत्री बिमलाप्रसाद चलिहा आणि इंग्रज अँग्लिकन पाद्री मायकेल स्कॉट. एकही नागा नाही, एकही बॅप्टिस्ट नाही. घरच्या चर्चने बोलावणं केलं, जागा दिली, दोन्हीकडचे निरोप पोचवले, आणि मध्ये बसायला बाहेरची माणसं आणली. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी बोलावणं, मग माणसं, तारीख सगळ्यात शेवटी.

६ सप्टेंबर १९६४ला, रविवारी, युद्धबंदी सुरू झाली. तिची कलमं वाचावीत. 'शांती' या विषयावर त्यात प्रवचन नाही. यार्डात मोजलेलं अंतर आहे. आपल्या ठाण्यांपासून एक हजार यार्डांपलीकडे लष्कराने गस्त घालायची नाही, भूमिगतांच्या छावण्यांवर धाडी नाहीत, गावांची झडती नाही, विमानातून कारवाई नाही, शिक्षा म्हणून वेठबिगार नाही. भूमिगतांनी ठाण्यांच्या हजार यार्डांच्या आत यायचं नाही, दबा धरून हल्ले नाहीत, माणसं पळवणं नाही, दंड वसुली नाही, नवी भरती नाही, गावात-शहरात गणवेशात किंवा हत्यार घेऊन फिरायचं नाही, बाहेरून शस्त्रं आणायची नाहीत. हजार यार्ड म्हणजे किलोमीटरला थोडं कमी. बाई सरपण आणायला जाईल, माणूस शेतावर जाऊन दिवस मावळायच्या आत परत येईल, एवढं अंतर. संरक्षणमंत्री तेव्हा यशवंतराव चव्हाण होते, म्हणजे लष्कराला हात आखडायला सांगणारं खातं आपल्या कऱ्हाडच्या माणसाकडे होतं.

कोहिमाजवळ चेडेमाला बोलणी झाली. डिसेंबरात मंडळाने आपला तोडगा मांडला: नागांनी स्वेच्छेने भारतीय संघात सहभागी व्हायचं ठरवावं, आणि सरकारने त्या नात्याचा साचा कितपत बदलता येईल ते बघावं. दोन्हीकडे तो पुरता पटला नाही. १९६६ उजाडलं आणि मंडळच मोडलं. जयप्रकाशांनी राजीनामा दिला, आसामात आगगाड्यांमध्ये स्फोट झाले, चलिहांनी अंग काढून घेतलं, मे महिन्यात स्कॉट यांची देशाबाहेर रवानगी झाली. तिघेही गेले.

आणि युद्धबंदी राहिली! थोडी थोडी मुदत वाढवत १ सप्टेंबर १९७२पर्यंत ती कागदावर टिकली. पुष्कळदा मोडली, पुन्हा सांधली. ती सांधणारे होते निरीक्षक, ज्यांची नावं शांती मंडळाच्या फोटोखाली नसतात. डॉ. एम. अराम कोइमतूरकडचे, ते तिथे वर्षानुवर्षं राहिले. मार्जरी साइक्स युद्धविरोधी ख्रिस्ती क्वेकर पंथाच्या, पण आपल्या सेवाग्रामच्या नई तालीममध्ये कामात मुरलेल्या. तक्रार आली की जागेवर जायचं, गावबुढ्यांचं, म्हणजे गावच्या मुखियांचं ऐकायचं, लष्कराचं ऐकायचं, भूमिगतांचं ऐकायचं, आणि कलमाशी ताडून बघायचं. गस्त हजार यार्डांच्या आत होती की बाहेर? पैसे घेतले ते वर्गणी म्हणून की दंड म्हणून? कंटाळवाणं काम. पण गोळीच्या आधी तक्रार करायला एक जागा तयार झाली. जे निरीक्षकांच्या पायाखालच्या वाटेवर नव्हतं ते हातातून निसटलं: शस्त्रांसाठी भूमिगतांचे गट सीमा ओलांडून आधी पूर्व पाकिस्तानात, पुढे चीनपर्यंत गेले. कलम होतं, पण सीमेवर ते बघणार कोण?

हे लिहिताना थोडं मोकळं वाटतंय. म्हणजे मोठी माणसंही परतलीच. परतणं हे पाप नाही. मागे काय चालू ठेवून परतलात, एवढंच विचारायचं.

आणखी एक. वेस्ट बँकमधल्या हेब्रॉनच्या दक्षिणेच्या टेकड्यांत तुबा नावाच्या पॅलेस्टिनी वस्तीतली मुलं अत-तुवानीच्या शाळेत जायची. जवळची वाट इस्रायली वसाहत आणि तिच्या शेजारची वसाहतवाल्यांची विनापरवाना वस्ती यांच्यामधून जाते, लांबची डोंगराला वळसा घालून. २००४च्या सप्टेंबरात मुलांसोबत चालणाऱ्या ख्रिश्चन पीसमेकर टीम्स या शांतिसंघटनेच्या स्वयंसेवकांना मारहाण झाली, दोघांना इस्पितळात न्यावं लागलं. प्रकरण इस्रायली संसदेच्या बालहक्कांच्या समितीपर्यंत गेलं आणि लष्कराने मुलांना सोबत द्यायचं ठरलं. तिथे काम संपायला हवं होतं. ते बदललं. मग स्वयंसेवकांनी लांब उभं राहून वहीत लिहायचं: जीप किती वाजता आली, मुलं किती, किती वेळ ताटकळली, सैनिक पायी सोबत चालले की गाडीतच बसले, शेवटपर्यंत आले की अर्ध्या वाटेवरून वळले. महिने, वर्षं. जीप उशिरा आली तर मुलांचा पहिला तास बुडायचा, आणि न आली तर वळशाची वाट. ही वही नसती तर "आम्ही सोबत देतो" एवढं एक वाक्यच सगळीकडे राहिलं असतं.

त्याच संघटनेने इराकमध्ये ७२ कैद्यांच्या हकिकती गोळा केल्या, अबू घरेब तुरुंगातल्या छळाची छायाचित्रं जगापुढे यायच्या आधी. आणि त्याच संघटनेच्या चौघांना २६ नोव्हेंबर २००५ला बगदादमध्ये पळवलं. टॉम फॉक्स मार्चमध्ये मृत सापडले. नॉर्मन केंबर, जेम्स लोनी आणि भारतीय वंशाचे हरमीतसिंग सूदन यांना २३ मार्च २००६ला सैनिकांनी सोडवलं. चौघांतले दोघे थोड्या दिवसांसाठी आलेल्या शिष्टमंडळातले होते. नि:शस्त्र माणसांना सोडवायला सशस्त्र माणसं गेली, हे मनाला लागतं. सुटलेल्यांनी पळवणाऱ्यांना क्षमा केली, तेही मनात आहे. दोन्ही एकदम धरून ठेवणं मला अजून जमत नाही. राहू दे.

बुधवार, पहाटे

झोप नाहीच लागली. टिपण पुन्हा उघडलंय, आणि आता वैताग उतरलाय. बॅनरवर बोलणारी तीच माणसं मे २०२३मध्ये मणिपूरमधल्या मैतेई-कुकी हिंसाचाराच्या बातम्या ऐकून उपासनेत रडली होती. त्यांना काय करायचं ते ठाऊक नाही, एवढंच. मग सरळ सांगावं.

इनर लाइन परमिट, म्हणजे बाहेरच्यांना लागणारा प्रवेश परवाना, सगळ्यांचा लागेल. मिझोराममार्गे गेलो तर तिथलाही वेगळा. कुकींच्या चुराचांदपूरला मैतेईंच्या इंफाळहून जायचं तर ड्रायव्हर मैतेई चालणार नाही आणि कुकीही नाही. मैतेई मुसलमान, म्हणजे पांगल ड्रायव्हर दोन्हीकडे जाऊ शकतात. त्यांच्याशी भाडं आधी ठरवायचं, वाटेत घासाघीस करायची नाही, कारण जोखीम तो घेतोय. कुकी-झोमी सोबती इंफाळच्या विमानतळावर येऊ शकणार नाही, तो मिझोराममधल्या ऐजॉलकडून येतो. म्हणून "दोन्हीकडच्या प्रतिनिधींची एकत्र प्रार्थना" हा कार्यक्रमपत्रिकेतला आयटम काढून टाकायचा. फोटोसाठी कुणाला जिवावरची वाट चालायला लावायची नाही.

पहिल्या छावणीतून दुसऱ्या छावणीत गेलो की पहिला प्रश्न येतो: आधी कुठे गेलात? खरं सांगायचं. आणि वेळ सारखा द्यायचा. एकीकडे दुपारभर आणि दुसरीकडे चहापुरतं, असं झालं तर पुढच्या गटाला दार उघडत नाही. दुभाषे दोन, दोन्ही बाजूंचे. जाळलेल्या चर्चचं विचारताना मैतेई ख्रिस्ती लोकांचं विसरायचं नाही. त्यांचीही चर्चेस गेली, आणि त्यांच्याकडे कुणीच आपलं म्हणून बघत नाही. एका बाजूच्या माणसाचं नाव, मोबाइलमधला फोटो, छावणीतला पत्ता दुसऱ्या बाजूला नकळतसुद्धा जाता कामा नये. म्हणून फोन आधी रिकामे करायचे. लहान मुलांचे फोटो अजिबात नाहीत. वहीत दोन रकाने: डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं. कुणी सांगितलं हे त्या वहीत लिहायचंच नाही. हे दोन रकाने एकमेकांत मिसळले की अहवाल खोटा ठरवायला कुणाला पाच मिनिटं पुरतात.

आणि बोलावणं लेखी, दोन्हीकडून. एकाच बाजूने आलं तर तसं उघड म्हणायचं, त्याला शांतीयात्रा म्हणायचं नाही, भेट म्हणायचं. भेटसुद्धा चांगली असते. आजारी माणसाला बघायला गेलेला पाहुणा औषध देत नाही, तरी जावंच लागतं.

परतीची तारीख आहे तीच राहू दे. तिच्यापुढे आणखी दोन ओळी लिहून पाळकसाहेबांना सकाळी देणार आहे: पुढचा गट कोण आणि कोणत्या महिन्यात, आणि मधल्या काळात दर महिन्याला दोन्हीकडच्या यजमान मंडळ्यांना फोन कुणी करायचा. फोनवर विचारायचं तेही ठरलेलं: छावणीत किती कुटुंबं उरली, शाळा चालू आहे का, औषधं कुठून येतात, मागच्या वेळी आपण जे बोललो त्यातलं काय झालं नाही. तरुण संघातली ती दोन मुलं हे नीट करतील, त्यांना हिंदी-इंग्रजी दोन्ही येतं. पैशाचं महिला मंडळाशी बोलते. बॅनर एकच आणि लहान केला, शाली वगळल्या, तर दुभाष्यांचं मानधन निघतं.