यादीतलं चौथं नाव

शनिवार-रविवार मी एमबीए करते. विषय एचआर, जोडीला डेटा ॲनालिटिक्स. उरलेले पाच दिवस पवईतल्या एका कंपनीत एचआरचीच नोकरी. बारा वर्षं मस्टर, पीएफ आणि अप्रेझलमध्ये गेल्यामुळे प्रोजेक्टला विषय शोधावा लागला नाही: कोण नोकरी सोडणार हे आधी सांगता येईल का? कंपनीने परवानगी दिली, अट एकच, नावं काढून टाकायची. मी नावं काढली, एम्प्लॉयी कोड ठेवले.

लोकांना वाटतं यात गणित अवघड असतं. लॉजिस्टिक रिग्रेशन, म्हणजे जुन्या नोंदींवरून पुढची शक्यता काढणारं मॉडेल, दोन मिनिटांत चालतं. चार महिने गेले ते माहिती साफ करण्यात. राजीनाम्याच्या कारणाचा रकाना तर मी टाकूनच दिला. आमच्या एक्झिट फॉर्मवर सात पर्याय आहेत आणि जवळजवळ सगळे ‘बेटर ऑपॉर्च्युनिटी’वर खूण करतात. रिलीव्हिंग लेटर आणि फुल अँड फायनलचे, म्हणजे शेवटच्या हिशेबाचे, पैसे आमच्याच हातात असताना ‘साहेबांशी पटलं नाही’ असं कोण लिहील? नोकरीचे 60 महिने उलटले की राजीनाम्यांचा आलेख एकदम वर जातो, ते पाहून एमबीएचे आमचे सर चकित झाले. मला बघताक्षणी कळलं. कायम नोकरीत 5 वर्षं भरली की कायद्याने ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, लागू होते, तोवर माणसं कसेबसे दिवस काढतात. हे पुस्तकातून कळत नाही, काउंटरच्या या बाजूला बसून कळतं, आणि मला त्याचा अभिमान आहे.

मॉडेलने सगळ्यांत जास्त वजन दिलं लेट मार्कांना, त्याखालोखाल पिनकोडला. फेब्रुवारीत साहेबांना यादी दाखवली, जाण्याची शक्यता सगळ्यांत जास्त तो सगळ्यांत वर.

“वरची दहा नावं दे.”

“सर, नावं नाहीत. कोड आहेत.”

“कोडवरून नाव काढायला तुला किती वेळ लागतो?”

दहा मिनिटं लागली. दिली काढून.

चौथं नाव अकाउंट्समधल्या ताईंचं. 14 वर्षांची नोकरी, डोंबिवलीहून येणं-जाणं. मी नवीन होते तेव्हा सॅलरी रजिस्टर टॅली कसं करायचं ते त्यांनीच शेजारी बसवून शिकवलं. एप्रिलमध्ये सीनियरची जागा त्यांना मिळणार हे सगळे धरून चालले होते. मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, “जाणाऱ्या माणसाला बढती कशाला?” जागा दुसऱ्याला गेली. मिनिट्स मी लिहीत होते.

जूनमध्ये ताईंचा राजीनामा आला. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून शाबासकी दिली. “बघ, तुझं मॉडेल बरोबर निघालं.”

त्या रात्री मी ताईंचे रोजचे पंच, म्हणजे ऑफिसात आल्याच्या नोंदी, उघडले. मॉडेलला मी लेट मार्कांची महिन्याची बेरीज दिली होती, रोजची वेळ पाहिलीच नव्हती. ऑक्टोबरपर्यंत 9:21, 9:22, 9:20. नोव्हेंबरपासून 9:43, 9:44, 9:43. ऑफिस साडेनऊचं, दहा मिनिटांची सूट, तीन लेट मार्कांना अर्धी रजा कापायची. मुंबईत हा नियम अन्यायाचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. सगळ्यांचे पंच लावून पाहिले, तर 9:42 ते 9:46 या चार मिनिटांत एकवीस माणसं दाटलेली. बदलापूर, कल्याण, डोंबिवली. नोव्हेंबरमध्येच कंपनीने कांजूरमार्ग स्टेशनवरची बस बंद केली होती. त्याचं सर्क्युलर मीच टाइप केलं होतं.

जलद गाडी कांजूरला थांबत नाही. ठाण्याला उतरायचं, धिमी पकडायची, आणि बस नाही म्हटल्यावर बाहेर शेअर रिक्षाची रांग लावायची. आधीची गाडी धरा म्हणणं सोपं आहे. डोंबिवलीला सकाळी ज्या गाडीत पाय ठेवायला मिळतो ती आपली गाडी. ही रांग माझ्या मॉडेलने ‘नोकरीत मन नाही’ अशी वाचली.

अमेझॉनचं उदाहरण वर्गात झालं होतं. दहा वर्षांचे अर्ज शिकवून त्यांनी उमेदवार निवडणारी यंत्रणा बनवली. जुने अर्ज बहुतेक पुरुषांचे, म्हणून ती बायकांच्या अर्जांना कमी गुण देऊ लागली. 2018 मध्ये हे बाहेर आलं. मी त्यावर पानभर नोट्स काढल्या होत्या. सोमवारी ऑफिसात येऊन पिनकोडचा रकाना तसाच ठेवला.

शेवटच्या दिवशी ताई फॉर्म भरायला माझ्यासमोर बसल्या. ‘बेटर ऑपॉर्च्युनिटी’वर खूण केली.

“ताई, खरं कारण सांगा ना.”

“अगं, जानेवारीत सोडायचं मनातही नव्हतं. एप्रिलमध्ये कळलं, इथे आता आपलं काही होत नाही.”

यादीचं मी बोलले नाही. पेन परत घेतलं, आयकार्ड जमा करून घेतलं.

दहापैकी सहा जण गेले. प्रोजेक्टच्या तक्त्यात त्या सहाही ओळी ‘ट्रू पॉझिटिव्ह’च्या, म्हणजे ‘जाणार म्हटलं आणि गेला’ या, खणात होत्या. त्यातल्या चौघांचं इन्क्रिमेंट किंवा बढती यादी गेल्यानंतर अडली. ती माणसं जाणारच होती की आम्ही घालवली, हे या आकड्यांतून आता कोणालाच काढता येणार नाही. फेब्रुवारीनंतरचे सगळे निकाल मी प्रोजेक्टमधून काढले आणि का काढले ते लिहिलं. गाइड म्हणाले, अचूकता घसरेल, मार्क जातील. जाऊ देत. 9:43चा आलेख साहेबांना मेल केला आहे, बस पुन्हा सुरू करा म्हणून. उत्तर नाही.

व्हायवाच्या, म्हणजे प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेच्या, आधी डोंबिवलीला जाऊन ताईंना सगळं सांगायचं आहे. रविवारी लेक्चर असतं म्हणत तीन रविवार गेले.