'माय वन अँड ओन्ली लव्ह' : 'ए' भाग बसले, आता ब्रिज

हे जॅझ गाणं मी गायक जॉनी हार्टमनच्या रेकॉर्डिंगसोबत शिकतोय, तो रियाज पुढे सरकलाय. गाण्याची रचना ३२ बारची (बार म्हणजे तालाचं एक छोटं आवर्तन), ए-ए-बी-ए अशी: 'ए' ही मुख्य चाल, 'बी' म्हणजे मधला वेगळा भाग, ब्रिज. पहिले दोन 'ए' आता दम न तुटता गाता येतात.

रेकॉर्डिंग ७ मार्च १९६३चं. न्यू जर्सीत रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओतलं. सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन, पियानोला मॅकॉय टायनर, बासला जिमी गॅरिसन, ड्रम्सना एल्विन जोन्स. गाय वुडची ही चाल आधी वेगळ्या शब्दांनी, वेगळ्या नावाने व्हिक डमोनने गायली होती. रॉबर्ट मेलिनचे शब्द मिळाले, १९५३मध्ये फ्रँक सिनात्राने ती गायली आणि पुढे तिचं स्टँडर्ड, म्हणजे अनेक कलाकार गातात-वाजवतात असं गाणं, झालं. सिनात्राचं मला आवडतं, पण शिकायला मी हार्टमनकडेच येतो.

कारण कोल्ट्रेन अख्खा कोरस, म्हणजे ए-ए-बी-एची पूर्ण फेरी, आधी वाजवतो. दोन मिनिटं उलटून गेल्यावर हार्टमन तोंड उघडतो. चाल श्रोत्याच्या कानात पुरती मुरलेली असते, त्यामुळे त्याला ती सजवावी लागत नाही. तो फक्त शब्द सांगतो, आणि काय सांगतो! हल्ली मीही तो पहिला कोरस गाळत नाही. गप्प बसून श्वास संथ करतो, मगच गायला लागतो. दमसासात याने पडलेला फरक मला स्पष्ट जाणवतो.

पहिली ओळ खालून वर चढते. वर जाताना हार्टमन आवाज वाढवत नाही, सूर सरळ धरतो आणि कंप शेवटी शेवटी येऊ देतो. आपल्या कानांना शब्द संपताना एखादी हरकत घ्यावीशी वाटते. इथे ती घेतली की शब्दाचा अर्थ बाजूला पडतो, म्हणून हरकती-मुरक्या पूर्ण बंद ठेवल्यात. लय इतकी विलंबित आहे की शब्द मात्रेच्या किंचित मागे ठेवताना सगळंच रेंगाळू शकतं. टायनर मधल्या जागा भरत असतो, त्याच्यावर मोजू नका. गॅरिसनचा बास धरा, जोन्सचे ब्रश आपोआप ऐकू येतात.

ब्रिजची अडचण वेगळी आहे. षड्ज सी धरला तर गाणं इथे ई मायनरमध्ये जातं, म्हणजे गंधारच षड्ज होऊन बसतो. तंबोऱ्याचं ॲप चालू असेल तर कान मूळ षड्ज सोडायला तयारच होत नाही. ते बंद करून कीबोर्डवर डाव्या हाताने नुसते बासचे सूर वाजवतोय. ब्रिजमध्ये शिरणं जमू लागलंय. शेवटच्या 'ए'ची सुरुवात मात्र अजून खाली लागते, म्हणून तेवढे चार बार वेगळे घोटतोय.

हे बसलं की याच रेकॉर्डवरचं 'यू आर टू ब्यूटिफुल' घेणार आहे. 'लश लाइफ' इतक्यात नाही. बिली स्ट्रेहॉर्नच्या त्या गाण्यात मुखड्याआधीचा लांबलचक भागच स्वतंत्र अभ्यास मागतो.