सपाट वाटेचा चढ

नदीकाठची सायकलवाट म्हटली की पहिला प्रश्न येतो, चढ किती? चढ नाही म्हटलं की माणूस निर्धास्त होतो आणि दिवसाला ९० किलोमीटरचे बेत आखतो. आज नोंदवायचं ते याबद्दल. चढ असतो, फक्त नकाशात दिसत नाही.

आधी उताराचा हिशोब. नदी वाहते त्या दिशेला सायकल आपोआप पळेल हा समज फार चिवट आहे. युरोपातली डॅन्यूबकाठची, जर्मनीतलं पासाऊ ते ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना ही निवांत सायकलवाल्यांची लाडकी वाट. पासाऊची उंची साधारण ३१० मीटर, व्हिएन्नाला नदी साधारण १६० मीटरवर, आणि मधलं अंतर ३०० किलोमीटरच्या वर. म्हणजे किलोमीटरमागे अर्धा मीटरही उतार नाही. स्वार, सायकल, सामान मिळून १०० किलो धरले तर हा उतार मागून जेमतेम ५० ग्रॅमचा रेटा देतो. चांगल्या डांबरावर नुसते टायरच अर्धा किलोच्या आसपास मागे खेचतात. उताराची मदत त्याच्या दहावा हिस्सा, म्हणजे नसल्यातच जमा.

तरी तिथे बहुतेक जण प्रवाहासोबत जातात आणि बरोबरच करतात, कारण वारं सहसा पश्चिमेकडून येतं आणि नदीही पूर्वेला जाते. फ्रान्समधल्या लोआर नदीचं उलटं. ती पश्चिमेला अटलांटिकला मिळते, वारं समुद्रावरून आत शिरतं, म्हणून समुद्राकडून वर, प्रवाहाविरुद्ध निघालेला सुखात असतो. दोन्ही नद्या युरोव्हेलो ६ या अटलांटिक ते काळा समुद्र सायकलवाटेवर येतात. ती पश्चिमेकडून पूर्वेला धरली तर लोआर उलटी पडते, डॅन्यूब सुलटी, आणि वारं बहुतेक वेळा दोन्हीकडे पाठीशी. दिशा ठरवताना नदी बघायचीच नाही.

वाऱ्याचं गणित मात्र बोचतं. हवेचा अडथळा सापेक्ष वेगाच्या वर्गाने वाढतो. ताठ बसून, दोन बाजूंना पिशव्या लावून ताशी १६ किलोमीटरने जाताना शांत हवा सुमारे पाऊण किलोने मागे रेटते. समोरून २० चं वारं आलं की हवेच्या लेखी आपण ३६ ने चाललेलो असतो. अडथळा पाचपट, साडेतीन किलोच्या पुढे. वेग न सोडण्याचा हट्ट धरला तर १०० किलोला हा जवळपास ३ टक्क्यांचा जादा चढ झाला. डोंगरातल्या चढाला निदान माथा असतो. वेग ११ वर आणला तरी जोर नेहमीच्या जवळजवळ दुप्पट लागतो, आणि खरं शहाणपण ११ वर आणण्यातच आहे.

वारं बहुधा ऊन तापल्यावर उठतं. म्हणून दिवसाचं ६० टक्के अंतर दुपारच्या आत संपवायचं. बांधाच्या माथ्यावरून एक वाट आणि पायथ्याने दुसरी असेल तर वाऱ्याच्या आडोशाची पायथ्याची वाट घ्यायची. माथ्यावरून नदी छान दिसते, पण आडवं वारं पिशव्यांना शिडासारखं पकडतं. झाडांची रांग संपते तिथे एकदम धक्का बसतो, तेवढ्या जागी हँडल सैल हातात नको.

यावरून गिअरचा विषय. सपाट मुलखाला हलके गिअर कशाला, म्हणून काढून टाकणारे पुष्कळ. ७०० बाय ३८ च्या, म्हणजे ३८ मिलिमीटर रुंद टायरच्या, चाकाचा घेर सुमारे २.१८ मीटर. पुढच्या चक्राला ३६ दाते, मागच्याला २२ आणि पेडलचे मिनिटाला ७५ फेरे, की वेग येतो १६. हा झाला रोजचा गिअर. समोरचं वारं आलं की त्याच फेऱ्यांना ११ चा वेग हवा, म्हणजे मागे ३२ दाते. तेच नसले तर माणूस फेरे ५० वर आणून ढोपरांच्या जोरावर रेटतो आणि तिसऱ्या दिवशी ढोपराची वाटी दुखायला लागते. वारं पाठीशी असेल तेव्हा मागे १५ दाते पुरतात. त्याहून मोठा गिअर निवांत प्रवासात वापरलाच जात नाही.

तासन् तास एकाच गिअरमध्ये राहण्याचा आणखी एक परिणाम म्हणजे मागचे दोनच कॉग, म्हणजे दातेरी चक्रं, झिजतात. चेन आधी ताणते आणि मग त्यांनाही खाते. साधी पट्टी पुरते. नव्या चेनच्या पहिल्या पिनेपासून पंचविसाव्या पिनेपर्यंतचं अंतर ३०४.८ मिलिमीटर, म्हणजे १२ इंच. ते दीड मिलिमीटरने वाढलं की चेन बदलायची, आळस केला तर कॅसेट, म्हणजे मागच्या सगळ्या कॉगचा संच, तीही बदलावी लागते.

शरीराचं दुखणं इथे वेगळं. डोंगरात बैठक आपोआप बदलत राहते, चढाला उभं राहायचं, उताराला पाय सैल सोडायचे. सपाटीवर यातलं काहीच घडत नाही. ७५ च्या लयीने चार तास म्हणजे १८,००० फेरे, सगळे एकाच कोनात. बैठकीतला बदल घडवून आणावा लागतो. दर दहा मिनिटांनी दोन गिअर जड करायचे, उभं राहून १५-२० फेरे मारायचे, परत बसायचं. दुखेपर्यंत थांबलं तर उपयोग नाही, दबलेल्या जागी रक्त आधीच फिरायला हवं.

सीटची उंची टाचेने बघायची. पेडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर टेकली की गुडघा सरळ व्हावा. मग चवडा ठेवल्यावर तो आपसूक थोडा वाकलेला राहतो. सीट सपाट असावी. नाक खाली झुकलं असेल तर अंग पुढे घसरतं, हातांनी ते मागे रेटत राहावं लागतं, आणि दुपारपर्यंत करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर. तळहाताच्या त्या कडेने जाणारी नस दबल्याची ही खूण. जाड हातमोजे चढवणं ही मलमपट्टी. आधी सीट सपाट करा, मग हँडल सीटच्या पातळीला किंवा जरा वर आणा. पॅडच्या चड्डीखाली दुसरी चड्डी घालायची नाही, तिची शिवण पहिल्याच दिवशी कातडी सोलते.

वाटेचा पृष्ठभाग. बरेच नदीकाठचे रस्ते मुळात घोडे दोर लावून नावा ओढत त्या वाटा, किंवा बांधाच्या देखभालीचे रस्ते. बारीक खडी दाबून केलेली वाट कोरडी असताना उत्तम, पावसानंतर ओढ वाढवते. काँक्रीटच्या फरश्यांचे सांधे दर काही मीटरला ठक्क करतात आणि दिवसभरात बोल्ट सैल करून ठेवतात. झाडांची मुळं डांबर उचलतात, सावलीत तो उंचवटा दिसत नाही. टायर ३५ ते ४० मिलिमीटरचे. ७५ किलोचा स्वार आणि मागे १० किलो सामान असेल तर ३८ च्या टायरला हवेचा दाब पुढे ४० ते ४५ पीएसआय, मागे ५० ते ५५. गच्च भरलेला टायर खडीवर उडतो, पळत नाही.

पूर ओसरल्यावर राहिलेला गाळ हा वेगळाच प्रकार. वरून सुकलेला, आत लोण्यासारखा. त्यावर ब्रेक दाबायचा नाही, वळायचं नाही, आधीच वेग कमी करून सरळ निघून जायचं. मडगार्ड आणि टायरमध्ये बोटभर जागा नसेल तर गाळ तिथे ठासून बसतो आणि चाक अडतं. तो ओला असतानाच काडीने काढावा, सुकला की वीट होते.

बांधाच्या कोरड्या, वाळूच्या पट्ट्यात सराटे. टायरमधून सराटा दिसला की लगेच उपटू नये. आधी त्या जागी खडूने खूण, मग ट्यूब बाहेर. टायरच्या आतून बोटाऐवजी कापडाचा बोळा फिरवायचा. काटा जिथे असेल तिथे कापड अडतं. घाईत हे राहिलं की नवी ट्यूब पाच किलोमीटरवर त्याच जागी बसते, आणि दोष ट्यूबला. पॅच लावताना ट्यूबचं रबर खरवडून चमक घालवायची, सोल्यूशनचा पातळ हात द्यायचा आणि ते ओलं दिसेनासं होईपर्यंत, साधारण पाच मिनिटं, थांबायचं. ओल्यावर चिकटवलेला पॅच हवा भरताच कडेने सुटतो.

अंतराचा अंदाज पक्ष्याच्या उड्डाणाने करू नये. नदी वळणं घेते, वाटही घेते. नकाशावर ३० दिसणारं अंतर सहज ४५ होतं. काठ बदलायला होडी असेल तर शेवटची फेरी किती वाजता सुटते आणि पाणी वाढल्यावर ती चालते का, हे आदल्या रात्री विचारून ठेवायचं. होडी चुकली की पुढच्या पुलापर्यंतचा फेरा १५-२० किलोमीटरचाही असू शकतो. गावं पुराच्या भीतीने काठापासून लांब, उंचावर. वाट त्यांना टाळून जाते. पाण्याच्या बाजूने दिवसभर चालून प्यायला पाणी नाही, अशी गंमत होते. दोन बाटल्या, आणि पहिली संपली की पहिल्या फाट्याला आत वळायचं. संध्याकाळी काठावर चिलटांचे ढग उठतात, साधा पारदर्शक चष्मा जवळ असावा.

सामान ८ ते १० किलो, जड वस्तू पिशवीच्या तळाशी, दोन्ही बाजूंत किलोभराहून जास्त फरक नको. मुक्कामी पोचल्यावर चेन पुसून थेंब थेंब तेल, मग कॅरिअरचे चारही बोल्ट पान्याने चाचपायचे. सगळ्यात आधी सैल होतात ते बहुतेकदा मागच्या चाकाजवळचे खालचे दोन, कारण पिशव्यांचा हेलकावा तिथेच येऊन थांबतो. चेनच्या बाजूचा बोल्ट आतल्या बाजूला बाहेर येऊन कॅसेटला घासत नाही ना, हे वाकूनच दिसतं.