सोळा थाऊ

आमच्या बाथरूममधे आरशाखाली जी फळी आहे तिच्यावर रोज रात्री दोन भांडी शेजारी शेजारी असतात. एक स्टीलची वाटी, वर बशी झाकलेली, आत पाण्यात बाबांची कवळी. दुसरी निळी प्लास्टिकची डबी, ती माझी, आणि रात्री ती रिकामी असते. बाबा म्हणजे माझे सासरे. ते झोपताना दात काढून ठेवतात, मी झोपताना दातांवर टोपी चढवते, सकाळी सगळं उलट. नवरा म्हणतो या घरात नॉर्मल तोंडाचा मी एकटाच. (त्याच्या तोंडात सिमेंट किती भरलंय ते मी इथे सांगत नाही.)

तारा लावल्या तेव्हा मी ३१ वर्षांची होते. नोव्हेंबर २०१९. दिवाळीचा फराळ आटपूनच या असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं, त्यामुळे चकल्या, कडबोळी, सगळे डबे खरवडून मगच गेले. क्लिनिक ठाण्यात राम मारुती रोडच्या आतल्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर, वेटिंगमधे सगळी सातवी-आठवीतली पोरं युनिफॉर्ममधे, गळ्यात पाण्याच्या बाटल्या. रिसेप्शनवरच्या मुलीने माझ्या मागे बघत विचारलं, "पेशंट कुठेय?" मीच, म्हटल्यावर ती "अच्छा अच्छा" म्हणाली. दोनदा.

मग नातेवाईक. "अगं आता लग्न झालंय ना, मग कशाला?" हे मला एका महिन्यात तीन वेगवेगळ्या बायकांनी विचारलं, त्यातल्या एकीने वर "दातावर दात म्हणजे भाग्य असतं" हेही ऐकवलं. म्हणजे दात ही स्थळ बघायला आलं की दाखवायची वस्तू, एकदा अक्षता पडल्या की कसे का असेनात. मी सगळ्यांना हिरड्यांचं कारण द्यायचे आणि ते खोटं नव्हतं, खालचे पुढचे दात एकमेकांवर असे चढून बसले होते की ब्रश फटीत जायचाच नाही आणि सकाळी बेसिनमधे लाल दिसायचं. पण खरं कारण फोटो. माझ्या लग्नाच्या अल्बममधे मी एकाही फोटोत दात दाखवून हसलेली नाहीये, मुहूर्तापासून पाठवणीपर्यंत ओठ घट्ट मिटलेले, बघणाऱ्याला वाटावं हिचं मनाविरुद्ध लागलंय.

जागा करायला चार दात काढले, सुळ्याच्या लगेच मागचा एकेक, वर दोन खाली दोन. ना कीड, ना दुखणं. सासूबाईंना हे काही केल्या पटेना. "पैसे देऊन धडधाकट दात उपटून घेतले?" दोन दिवस त्या फोनवर बहिणीला हेच सांगत होत्या, आणि घरात एका माणसाला कवळी असताना त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असंही नाही.

खूश झाले ते एकटे बाबा. बाबा वागळे इस्टेटमधे एका कंपनीच्या टूलरूममधे ३० वर्षं होते. तार, स्प्रिंग, टेन्शन असे शब्द कानावर पडले की हा रिटायर माणूस लगेच ड्यूटीवर हजर. "वायर किती गेजची?" मी म्हटलं मला काय माहीत. पुढच्या वेळी विचारून आले, डॉक्टरांनी फाइलमधे दाखवलं, ०.०१४, इंचात. "म्हणजे चौदा थाऊ!" थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, टूलरूमची भाषा. "एवढ्याशा तारेने दात हलतो? दात तर हाडात ठोकलेला असतो ना?"

तो ठोकलेला नसतो हे मलाही तेव्हाच कळलं. दाताचं मूळ आणि हाड यांच्यामधे बारीक तंतूंचं अस्तर असतं. दात एका बाजूला रेटत राहिलं की त्या बाजूचं हाड शरीरच हळूहळू खाऊन टाकतं आणि मागे जी जागा मोकळी होते तिथे नवीन हाड भरतं. महिन्याला साधारण एक मिलिमीटर, तेही सगळं जमून आलं तर. आणि जोर जास्त लावला म्हणून काम लवकर होत नाही, उलट दात अडतो, मुळाला इजा व्हायची भीती. मी हे सगळं जेवताना सांगितलं तर बाबा मान डोलवत म्हणाले, "बरोबरे. फीड जास्त दिलं की टूल तुटतो."

खाण्याचं काय सांगू. टाइट करून आलं की तीन दिवस मऊ भात नाहीतर पोळी आमटीत कुस्करून. मेथीची भाजी ऑफिसच्या डब्यात न्यायची नाही हे एका मीटिंगनंतर आरशात बघून समजलं. तलावपाळीवर कणीस खायचं तर दाणे नखाने एकेक सोलून, भुट्टेवाला माझ्याकडे दयेने बघायचा. तारेवरची ती बारीक रबरं असतात ना, ती मी पहिल्यांदा पारदर्शक मागितली, लांबून दिसायला नकोत म्हणून. डॉक्टर म्हणाल्या, घरी जेवणात हळद असते ना? मग नका घेऊ. मी घेतली. चार दिवसांत सगळी रबरं पितांबरासारखी पिवळीधमक, त्यानंतर कायम राखाडी. मिसळ मात्र सोडली नाही. फरसाण रश्श्यात पार मऊ होईपर्यंत समोर घेऊन बसायचं, जे मामलेदारच्या बाकड्यावर मागे चार जण उठायची वाट बघत उभे असताना करायला धीर लागतो. तारेने गाल आतून सोलवटलेला असताना ती मिसळ खाल्ली, डोळ्यातून पाणी आलं. ते तसंही येतंच म्हणा.

आणि मग मार्च २०२०. त्या वर्षी पाडवा बरोबर लॉकडाऊनच्या पहिल्या दिवशी आला. स्वागतयात्रा नाही, रस्त्यावर चिटपाखरू नाही, घरात गुढी आणि श्रीखंड, आणि माझ्या तोंडात एव्हाना सोळा थाऊची तार. पुढची अपॉइंटमेंट २८ तारखेची होती. गेली ती.

दात सरळ व्हायला लागले की तार मागच्या बाजूने हळूहळू सरकत बाहेर येते. एरवी डॉक्टर ते टोक कापून टाकतात. एप्रिलच्या मधे माझं उजवीकडचं टोक शेवटच्या दाढेच्या मागून एवढं बाहेर आलं की बोलताना, गिळताना, कूस बदलताना गालात टोचायचं. वर लावायचं मेण संपलं, मेडिकलवाल्याकडे नाही. व्हिडिओ कॉलवर डॉक्टर म्हणाल्या घरी नेलकटर असेल तर उकळून घ्या आणि टोक कापा. नेलकटर तिथवर पोचतच नव्हता. नवऱ्याने दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा ओठ पकडला. तेवढ्यात बाबा काही न बोलता उठले, स्टूल घेतलं, माळ्यावरून त्यांची हिरवी टूलपेटी काढली आणि साइड कटर सासूबाईंच्या हातात दिला. "वीस मिनिटं उकळ." सासूबाई म्हणाल्या, "दुधाच्या पातेल्यात मुळीच नाही हां."

आता हे समजून घ्या की लग्नाला चार वर्षं झाली होती आणि त्या चार वर्षांत मी बाबांसमोर जांभई देतानाही तोंडावर हात धरायचे. आणि आता गॅलरीच्या उजेडात प्लास्टिकच्या खुर्चीत मान मागे टाकून मी त्यांच्यासमोर आ वासून बसले होते, बाबांच्या एका हातात कटर, दुसऱ्यात भिंग, नवरा मोबाइलचा टॉर्च धरून, दुसऱ्या मोबाइलवर डॉक्टर, सासूबाई देवघराच्या दारात. बाबांनी आधी कापसाचा बोळा दाढेमागे नीट कोंबला. तुकडा उडून घशात जायला नको, हे डॉक्टर सांगायच्या आत त्यांनी केलं होतं. "मान हलवू नको." टक. कापसात तांदळाच्या कणीएवढी तार.

मी जीभ फिरवून बघितलं, टोचत नव्हतं. पण बाबांचं समाधान नव्हतं झालं. भिंगातून बघत म्हणाले, "बर राहिलाय थोडा, बारीक कानस आणू का?" (बर म्हणजे धातू कापल्यावर कडेला राहते ती खरखरीत धार.) स्क्रीनमधून डॉक्टर ओरडल्या, "नको काका, नको!"

क्लिनिक पुढे कधीतरी उघडलं आणि ती तार बदलली. डॉक्टरांनी जुनी अख्खी तार पाकिटात घालून "काकांना द्या" म्हणून दिली. बाबांनी ती बोटाभोवती गुंडाळली, सोडली, तार पटकन जशीच्या तशी. परत गुंडाळली. हे किती दिवस चाललं होतं. मग फोनवर वाचून त्यांनीच मला सांगितलं की हा निकेल आणि टायटॅनियमचा मिश्रधातू अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेत १९६० च्या आसपास सापडला, निटिनॉल हे नावच मुळी दोन धातू आणि त्या प्रयोगशाळेच्या आद्याक्षरांचं, आणि दातांसाठी तो १९७० नंतर वापरायला लागले. ती तार अजून बिस्किटाच्या डब्यात आहे. कोणी आलं की निघते. "ही आमच्या सुनेच्या तोंडात होती" अशी सुरुवात करतात, मला बेडरूममधे जाऊन बसावं लागतं.

दीड वर्षाचं काम २७ महिने चाललं. फेब्रुवारी २०२२ ला तारा निघाल्या. त्यातली बहुतेक वर्षं मास्कमधे गेली, त्यामुळे ज्या तारांची मी एवढी लाज धरली होती त्या घरच्यांशिवाय फारशा कोणी बघितल्याच नाहीत, आणि आता सरळ दात घेऊन बाहेर पडले तर त्यावरही मास्क. जीभ दिवसभर दातांवरून फिरत होती, काही अडतच नव्हतं. मला वाटलं संपलं. त्याच खुर्चीत डॉक्टरांनी खालच्या दातांना आतून एक बारीक तार चिकटवली आणि वरच्यासाठी माझ्याच दातांच्या आकाराचं पारदर्शक रिटेनर हातात ठेवलं. सुरुवातीचे महिने जेवण आणि ब्रश सोडून दिवसरात्र, मग रोज रात्री. कधीपर्यंत? "दात सरळ हवेत तोपर्यंत."

मी घरी येऊन चिडचिड केली. बाबा म्हणाले, "वेल्डिंग केल्यावर जॉब थंड होईपर्यंत क्लॅम्प सोडायचा नाही. सोडलास की जॉब खेचतो." (जॉब म्हणजे ज्यावर काम चाललंय तो धातूचा तुकडा.) मी विचारलं माझा जॉब किती दिवसांत थंड होतो. तर तो होतच नाही म्हणे, निदान पूर्ण नाही. दात फिरवले की हिरड्यांमधले तंतू ताणलेल्या रबरासारखे त्याला मागे ओढत राहतात, त्यांना नव्या जागेची सवय व्हायला वर्षभर तरी जातं. आणि ते झाल्यावरसुद्धा वयाबरोबर दात सरकतच असतात, ज्यांनी आयुष्यात तार लावली नाही त्यांचेही, खास करून खालचे पुढचे.

तारा असतात तेव्हा लोक निदान विचारतात तरी, दुखतं का गं, किती महिने राहिले. रिटेनरला कोणी विचारत नाही. माझा पहिल्या आठवड्यात 'स' फुटत होता, आणि टीममधे एक संतोष, एक सुषमा आणि एक स्वाती. ट्रान्स हार्बरमधे खिडकीशी बसून ऐरोली येईपर्यंत ही तीन नावं पुटपुटायचे, शेजारची बाई जप समजून पाय आवरून बसली होती.

हरवायचं ते हरवलंच. स्टेशनजवळच्या एका हॉटेलात डबी विसरले म्हणून टिश्यूत गुंडाळून ताटाशेजारी ठेवलं, हात धुऊन येईपर्यंत टेबल चकाचक. नवरा आणि तिथला पोऱ्या, दोघं खरकट्याच्या टबात हात घालून शोधत होते. पोऱ्याने विचारलं, "सोन्याचं होतं का?" नवरा म्हणाला, "त्याच भावाचं." सापडलं नाही. साडेतीन हजार. दुसऱ्याला मी गरम पाण्याने धुतलं, ते वाकलं, त्याबद्दल जास्त बोलायला नको.

पण खरी चूक आंब्याच्या दिवसांत. गुहागरला गेलो बारा दिवस आणि डबी ठाण्यातच राहिली. म्हणजे पिशवी भरताना दिसली होती, पण म्हटलं जाऊ दे, बारा दिवसांत काय होतंय. परत आल्यावर रात्री घातलं तर बसेना. दोन्ही अंगठ्यांनी दाबत दाबत बसवलं तर पुढचे दात तसेच ठणकायला लागले, टाइट करून आल्या दिवशी ठणकायचे तसे. चार रात्री लागल्या नीट बसायला. मी घरात कोणाला काही बोलले नव्हते. पाचव्या दिवशी सकाळी बाबा पेपरमधून वर न बघता म्हणाले, "क्लॅम्प सोडला होतास ना?" भात चावताना माझं तोंड बघून कळलं म्हणे.

हल्ली रविवारी सकाळी आमचा दोघांचा एक कार्यक्रम असतो. कवळी साफ करायची गोळी रिटेनरलाही चालते हे बाबांनी पाकिटावर वाचून काढलं, आणि एका गोळीत दोन्ही होतात हे त्यांनीच ठरवलं, डॉक्टरांना न विचारता. ते गोळी सुरीने बरोबर मधोमध तोडतात, अर्धी वाटीत, अर्धी माझ्या डबीत, पाणी कोमट नाही ना ते बोट घालून बघतात. दोन्हीकडे फेस येतो. मग ते माझं रिटेनर चिमटीत धरून खिडकीकडे करून बघतात आणि मोकळ्या हिरड्यांनी काहीतरी म्हणतात. कवळीशिवाय त्यांचं बोलणं निम्मं हवेत जातं, पण 'तीस थाऊ' एवढं कळतं. मायक्रोमीटर मी अजून माळ्यावरून काढू दिलेला नाही.