पिट्सबर्गमधील बॅलेचा हंगाम आणि आमचा स्वमग्न मुलगा : माझा अनुभव

पिट्सबर्ग बॅले थिएटरचा हंगाम साधारणपणे शरद ऋतूत सुरू होतो आणि पुढच्या वसंतात संपतो. त्याचे वेळापत्रक कित्येक महिने आधी जाहीर होते, आधी हंगामी वर्गणीदारांना जागा मिळतात आणि मग एकेका प्रयोगाची तिकिटे खुली होतात. येत्या हंगामाचे वेळापत्रक हाती आल्यावर आम्ही ते ज्या पद्धतीने वाचले, ती पद्धत आम्हांला एका डिसेंबरने शिकवली. आमचा मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि तो स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. अनोळखी गर्दी, अचानक होणारा मोठा आवाज आणि एकाएकी पडणारा अंधार त्याला सोसवत नाही, मात्र संगीत तो तासन्‌तास ऐकतो. अशा मुलाला घेऊन मोठ्या नाट्यगृहात पूर्ण लांबीचा बॅले पाहता येईल का, हा प्रश्न अमेरिकेतील अनेक मराठी आई-वडिलांनी मला विचारला आहे, म्हणून आम्ही ते कसे केले हे तपशिलाने लिहीत आहे.

या नृत्यसंस्थेची स्थापना १९६९ मध्ये झाली. न्यूयॉर्कच्या मोठ्या संस्थांइतके तिचे नाव दूरवर गेलेले नसेल, पण अमेरिकेत बॅले गावोगावी पोहोचला तो अशाच प्रादेशिक संस्थांमुळे, आणि त्यांच्या वर्षभराच्या जमाखर्चाचा मोठा भार डिसेंबरातील ‘नटक्रॅकर’ उचलतो. नाताळच्या रात्री एका मुलीला भेट मिळालेला लाकडी अडकित्ता-बाहुला जिवंत होतो, अशी कथा असलेला, रशियन संगीतकार चायकोव्हस्कीच्या संगीतावरचा हा बॅले १८ डिसेंबर १८९२ रोजी सेंट पीटर्सबर्गच्या मारीइन्स्की रंगमंचावर प्रथम सादर झाला. अमेरिकेत तो पूर्ण स्वरूपात सादर करण्याचा पहिला मान १९४४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को बॅलेने मिळवला, आणि १९५४ मध्ये नृत्यदिग्दर्शक जॉर्ज बॅलन्शिन यांनी न्यूयॉर्कमध्ये तो बसवल्यानंतर नाताळात कुटुंबाने मिळून नटक्रॅकर पाहण्याची चाल देशभर रुजली. जी कुटुंबे एरवी बॅलेकडे फिरकत नाहीत, ती या एका प्रयोगाला येतात. त्यामुळे ज्या मुलांना नाट्यगृहाचे नेहमीचे नियम जाचतात, त्यांच्यासाठी दार उघडायचे तर ते इथूनच उघडणे स्वाभाविक होते. २०१३ च्या डिसेंबरात पिट्सबर्गच्या या संस्थेने स्वमग्न प्रेक्षकांसाठी नटक्रॅकरचा खास प्रयोग केला, आणि असे करणारी ती अमेरिकेतील पहिली व्यावसायिक बॅले संस्था ठरली. असे प्रयोग आता ‘सेन्सरी-फ्रेंडली’ या नावाने ओळखले जातात.

अशा प्रयोगात नृत्य तेच असते, नर्तक तेच असतात आणि वेशभूषाही तीच असते. प्रेक्षागृहातील दिवे मात्र पूर्ण मालवत नाहीत, संगीताची पातळी उतरवलेली असते, दचकवणारे आवाज आणि झगझगीत प्रकाश सौम्य केलेले असतात, आणि मुलाने उठावे, चालावे, मोठ्याने बोलावे, बाहेर जाऊन परत यावे, याला कोणाची हरकत नसते. बाहेर शांत बसण्यासाठी जागा राखलेली असते आणि मदतीला माहीतगार स्वयंसेवक असतात. हे सगळे वाचूनही माझ्या सासूबाईंचे समाधान झाले नव्हते. त्या तेव्हा सांगलीहून आमच्याकडे आल्या होत्या. “अगं, त्याला मधेच उठावंसं वाटलं तर? लोक काय म्हणतील?” असे त्यांनी विचारले. “उठू दे, आई. त्या दिवशी तिथे तसं चालतं,” एवढेच मी म्हणाले, कारण याहून अधिक मलाही तेव्हा सांगता येत नव्हते.

तिकिटे मी संगणकावरून न काढता तिकीटखिडकीला फोन करून काढली, आणि हा सल्ला मी सर्वांना आवर्जून देते. हा प्रयोग ज्या नाट्यगृहात होतो ते बेनेडम सेंटर हे मूळचे १९२८ मधील स्टॅन्ली थिएटर, १९८७ मध्ये नूतनीकरणानंतर नव्या नावाने उघडलेले, आणि त्यात अडीच हजारांहून अधिक प्रेक्षक बसतात. एवढ्या मोठ्या प्रेक्षागृहात कोणती रांग दाराजवळ आहे, कोणत्या खुर्चीवरून उठल्यावर इतरांचे पाय ओलांडावे लागणार नाहीत, ध्वनिक्षेपक कोठे आहेत आणि शांत जागेपर्यंत जाताना जिने लागतात का, हे नकाशावरून समजत नाही. संगीत प्रत्यक्ष वाद्यवृंदाचे असेल की ध्वनिमुद्रित, हेही दर वेळी विचारावे, कारण वाद्यवृंद सूर जुळवत असताना जो विस्कळीत आवाज होतो, तो काही मुलांना प्रत्यक्ष संगीतापेक्षा अधिक त्रासदायक वाटतो. फोनवरच्या बाईंनी माझा प्रत्येक प्रश्न शांतपणे ऐकून घेतला आणि आम्हांला कडेच्या खुर्च्या दिल्या. महागड्या मधल्या जागांचा मोह आमच्यासारख्या कुटुंबांनी टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

यानंतरची तयारी हा या सगळ्या खटाटोपातला सर्वांत मोठा आणि मला सर्वांत आवडलेला भाग होता. मुलाच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने सुचवल्याप्रमाणे आम्ही चित्रांची एक वही केली. घरातून निघणे, गाडी स्टेशनजवळ लावणे, टी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शहरी रेल्वेने वुड स्ट्रीट स्टेशनवर उतरणे, पेन अव्हेन्यूवरून चालत जाणे, दार, तिकीट दाखवणे, कोट काढणे, खुर्ची, पडदा, असे प्रत्येक टप्प्याचे एक चित्र आणि त्याखाली मराठीत एक ओळ. शेवटच्या पानावर घर आणि जेवणाचे ताट होते, कारण गोष्ट कोठे संपते हे ठाऊक असले की त्याला ती गोष्ट सोसते. नोव्हेंबरातल्या एका दुपारी आम्ही त्याला थिएटरच्या नुसते बाहेरून नेऊन आणले. आत गेलो नाही, पण त्या इमारतीचा दर्शनी भाग ओळखीचा झाला.

संगीताची तयारी वेगळी करावी लागली नाही, उलट तिनेच आम्हांला वाट दाखवली. नटक्रॅकरच्या दुसऱ्या अंकातल्या शुगर प्लम परीच्या नृत्यात चेलेस्टा नावाचे वाद्य वाजते. दिसायला छोट्या पियानोसारखे असलेल्या या वाद्यात हातोड्या तारांऐवजी धातूच्या पट्ट्यांवर पडतात आणि घंटांसारखा कोवळा स्वर उमटतो. चायकोव्हस्कीने ते १८९१ मध्ये पॅरिसला ऐकले आणि रिम्स्की-कोर्साकोव्ह किंवा ग्लाझुनोव्ह या दुसऱ्या रशियन संगीतकारांना त्याचा सुगावा लागून त्यांनी ते आधी वापरू नये, म्हणून आपल्या प्रकाशकाला ते गुपचूप मागवायला सांगितले. मुलाला या हकिगतीत रस वाटला नाही, पण वाद्याचे चित्र त्याने मागून घेतले, त्याच्या आतल्या पट्ट्या मोजल्या आणि चित्र वहीत चिकटवायला लावले. त्यानंतर आम्ही सगळे संगीत क्रमाने, रोज थोडे थोडे, आवाज किंचित वाढवत ऐकले. नाताळची मेजवानी, उंच वाढत जाणारे झाड, उंदरांची लढाई, बर्फाचे नृत्य आणि दुसऱ्या अंकातली एकामागून एक येणारी नृत्ये, हा क्रम त्याला पाठ झाला. लढाईचा भाग आला की तो कानांवर हात ठेवी, म्हणून कानांवर घालायचे आवाजरोधक त्या ठिकाणी केव्हा घालायचे आणि बर्फाचे संगीत सुरू झाले की केव्हा काढायचे, याचा आम्ही घरीच सराव केला. जेवणघरातल्या खुर्च्या एका रांगेत मांडून, दिवे मंद करून, सासूबाईंनाही शेजारी बसवून ही तालीम होत असे, आणि त्यातूनच सासूबाईंची भीती हळूहळू गेली.

कपड्यांचा प्रश्न लहान वाटला तरी त्याकडे दुर्लक्ष करू नये. डिसेंबरात कोट अपरिहार्य, पण दारात तो काढून गर्दीत हातात धरणे मुलाला जमत नाही, म्हणून ते काम कोणाचे हे आधी ठरवले. जेवण घरीच, नेहमीच्या वेळी, मेतकूट-भात.

प्रयोगाच्या दिवशी आम्ही बरेच लवकर पोहोचलो. दारातच जाणवले की इथे कोणी कोणाकडे वळून पाहत नाही. कोणी हात फडफडवत होते, कोणी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, एक मोठी मुलगी व्हीलचेअरवरून गाणे गुणगुणत होती, आणि त्या सर्वांचे आई-वडील क्षमा मागण्याच्या पवित्र्यात नव्हते. स्वमग्न मुलांच्या पालकांनाच समजेल की सार्वजनिक ठिकाणी ही मोकळीक किती दुर्मीळ असते. तिथे पाहिलेला नटक्रॅकर संस्थेचे तेव्हाचे कलासंचालक टेरेन्स ऑर यांनी २००२ मध्ये या शहरासाठी बसवलेला आहे. त्यातले कुटुंब विसाव्या शतकाच्या आरंभीच्या पिट्सबर्गमधील शेडीसाइड भागात राहते, आणि चित्रित पडद्यावर शहरातले कॉफमन दुकानाचे प्रसिद्ध घड्याळ दिसते. १९१३ मधले हे घड्याळ फिफ्थ अव्हेन्यू आणि स्मिथफील्ड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर आजही आहे आणि मुलाने ते कितीदा तरी पाहिलेले होते. ते ओळखून त्याने मोठ्याने “घड्याळ!” म्हटले. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ मागे वळून हसून “हो” अशा अर्थी मान हलवून पुन्हा समोर पाहू लागले.

मेजवानीचा प्रवेश त्याने उभे राहून पाहिला. लढाई सुरू होताच आवाजरोधक घातले तरी त्याला तिथे थांबता येईना, म्हणून त्याचे वडील त्याला बाहेर घेऊन गेले. शांत जागेत जमिनीवर बसून त्याने वही उघडली आणि बर्फाच्या पानावर बोट ठेवले, असे त्यांनी मला नंतर सांगितले. ती दोघे परत आली तेव्हा बर्फाचे नृत्य सुरूच होते, आणि पांढऱ्या पोशाखातल्या नर्तिकांवर कागदी हिमकण पडत असताना तो प्रथमच खुर्चीत टेकून बसला. दुसऱ्या अंकात चेलेस्टाचा पहिला स्वर येताच त्याने आजीचा हात धरून तिच्या तळहातावर बोटांनी ताल दिला. सासूबाई प्रयोगानंतर कितीतरी वेळ त्याविषयीच बोलत होत्या.

या अनुभवावरून आम्ही येत्या हंगामाचे वेळापत्रक वाचायला शिकलो. नाव किती मोठे आहे यापेक्षा एक अंक किती मिनिटांचा, मध्यंतरे किती, कथा आधी सांगता येईल अशी आहे की नाही आणि संगीत घरी ऐकायला मिळते का, हे आम्ही आधी पाहतो. एका संध्याकाळी तीन स्वतंत्र छोटी नृत्ये असलेले कार्यक्रम वेळेच्या दृष्टीने सोयीचे वाटतात, पण आमच्या मुलाला दर वेळी नव्याने जुळवून घ्यावे लागते, म्हणून ते आम्ही तूर्त बाजूला ठेवले आहेत. दुसऱ्या मुलाच्या बाबतीत नेमके उलटही असू शकेल. हीच संस्था अंध प्रेक्षकांसाठी रंगमंचावरील हालचालींचे वर्णन कानात ऐकवण्याची सोयही करते, हेही इथे नोंदवते, कारण आमच्या ओळखीतल्या मराठी कुटुंबांत ही माहिती फारशी पोहोचलेली नाही.

आपल्याकडच्या नाट्यगृहांत हे व्हावे, असे मला फार मनापासून वाटते. सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये मुंबईत लिटल थिएटर सुरू केले तेव्हापासून मराठी बालरंगभूमीने मुलांना प्रेक्षक म्हणून मान दिला आहे. त्याच रंगभूमीने सुटीतला एखादा प्रयोग अर्ध्या उजेडात, ध्वनिक्षेपकांचा आवाज उतरवून, एक रिकामी खोली आणि चार समजूतदार स्वयंसेवक हाताशी ठेवून करावा. याला वेगळे नाट्यगृह लागत नाही आणि खर्चही फारसा येत नाही.

येत्या डिसेंबरातल्या खास प्रयोगासाठी आम्ही त्याच बाजूच्या कडेच्या खुर्च्या मागितल्या आहेत. वसंतातल्या कथाप्रधान बॅलेचा दुपारचा नेहमीचा प्रयोग पाहण्याचा विचारही आहे. तिथे दिवे पूर्ण मालवतील आणि मधेच बोललेले चालणार नाही, म्हणून शेवटच्या रांगेत, दाराला लागून बसायचे, आणि फक्त पहिला अंक पाहून घरी यायचे, असे वहीत आधीच लिहून ठेवले आहे. पहिल्या अंकाचे संगीत जानेवारीपासून ऐकायला घेऊ.