‘प्रकार’ हा रकाना भरताना

ऑफिसमधल्या सगळ्या कॉम्प्युटरची यादी करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा दोन-तीन दिवसांत उरकेल असं वाटलं होतं. लागले अठरा दिवस. जुनी मशीन बदलायची होती, आणि काय बदलायचं हे ठरवायच्या आधी आपल्याकडे आहे काय ते कळायला हवं होतं. तक्त्यात रकाने होते : क्रमांक, जागा, कोण वापरतं, खरेदीचं वर्ष आणि प्रकार. बाकीचे रकाने टेबलाटेबलावर फिरून, विचारून भरले. मी अडले ती ‘प्रकार’पाशी.

शाळेत पाठ केलेलं उत्तर अजून तोंडावर होतं. सुपर कॉम्प्युटर, मेनफ्रेम, मिनी, मायक्रो. त्याच हिशेबाने पहिल्या दिवशी बसले आणि बेचाळीस मशीनसमोर बेचाळीस वेळा ‘मायक्रो’ लिहून झालं. सगळ्यांचं उत्तर एकच येणार असेल तर तो रकाना असून नसल्यासारखा. मग ही वर्गवारी मुळात आली कुठून, हे वाचायला लागले.

ती आपल्या काळात अगदी बरोबर होती. मोठा कॉम्प्युटर म्हणजे खोली भरून टाकणारी यंत्रं. १९६५ मध्ये डेक कंपनीचा पीडीपी-८ आला. तो कपाटात मावायचा, म्हणून त्या वर्गाला नाव पडलं ‘मिनी’. १९७१ मध्ये इंटेलने ४००४ ही चिप आणली. अख्खा प्रोसेसर एका चिपवर, २,३०० ट्रान्झिस्टर. अशा मायक्रोप्रोसेसरवर चालणारी पुढची यंत्रं ती ‘मायक्रो’. तेव्हा आकार, किंमत आणि ताकद एकमेकांना धरून चालत होती, त्यामुळे आकार सांगितला की बाकीचं आपोआप कळायचं. पुढे ती साखळी तुटली. १९७६ चा क्रे-१ हा सुपर कॉम्प्युटर काही टन वजनाचा होता आणि त्याचा कमाल वेग सेकंदाला सुमारे १६ कोटी गणितं. आज खिशातला फोन त्याच्या कितीतरी पुढे आहे. मिनी हा वर्ग तर राहिलाच नाही. त्याची कामं वर्कस्टेशन (एकाच माणसाच्या जड कामासाठीचा ताकदवान कॉम्प्युटर) आणि सर्व्हर (अनेकांना एकाच वेळी सेवा देणारा कॉम्प्युटर) करू लागले.

हे सगळं मला नीट कळलं ते पुस्तकातून नाही, तिसऱ्या दिवशी माझ्या हातून झालेल्या चुकीमुळे.

कोपऱ्यातल्या एका टेबलाखाली एक कॅबिनेट होतं. मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही, वर धुळीचा थर. चालू होतं, पण कोण वापरतं हे आसपासच्या कुणालाच सांगता येईना. मी ‘डेस्कटॉप, वापरात नाही’ असं लिहिलं आणि बटण दाबून ते बंद केलं. पाच मिनिटं झाली नसतील, हिशेब विभागातून आवाज आला की फाइल उघडत नाहीये. मग दुसऱ्या विभागातून. मग तिसऱ्या. आमची सिस्टीम सांभाळणारे ज्येष्ठ सहकारी धावतच आले. “मॅडम, टेबलाखालचं मशीन कुणी बंद केलं का? सगळ्यांचं शेअर्ड फोल्डर त्याच्यावर आहे!”

ज्यांच्या उघड्या फाइल अर्धवट राहिल्या, त्यांचं सकाळपासूनचं टायपिंग गेलं. मला मनापासून वाईट वाटलं, आणि मी तिघांकडेही जाऊन तसं सांगितलं.

संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर, सगळ्यांना कळवून, आम्ही ते मशीन रीतसर बंद केलं आणि उघडलं. सहकाऱ्यांनी रॅमची, म्हणजे मशीनच्या कामचलाऊ मेमरीची, एक पट्टी काढून माझ्या हातात दिली. “काळ्या चिप मोजा.” नऊ होत्या. मग शेजारच्या टेबलावरच्या साध्या डेस्कटॉपची पट्टी दाखवली. तिच्यावर आठ. ही नववी चिप कशाला, तर ती बाकी आठांची राखण करते. मेमरीतला एखादा बिट आपोआप उलटला, शून्याचा एक झाला, तर नवव्या चिपमधल्या तपासणी-बिटांवरून चूक कुठे झाली ते कळतं आणि ती जागच्या जागी दुरुस्त होते. दोन बिट बिघडले तर दुरुस्ती होत नाही, पण गडबड झाल्याचं तरी समजतं. याला ईसीसी मेमरी म्हणतात. महिनोन्‌महिने न थांबता चालणाऱ्या आणि अनेकांचा डेटा सांभाळणाऱ्या मशीनला ती हवी. एकट्याने वापरायच्या, रोज बंद होणाऱ्या मशीनचं तिच्यावाचून सहसा अडत नाही. आत हार्ड डिस्कही दोन होत्या, दोन्हींवर तोच मजकूर. एक गेली तर दुसरीवर काम चालू राहावं म्हणून.

बाहेरून डेस्कटॉप दिसणारी ती वस्तू सर्व्हर होती. त्या रात्री घरी गेल्यावर मी ‘प्रकार’ या रकान्याच्या आधी पेन्सिलने दोन नवे रकाने आखले : ‘काम काय’ आणि ‘बंद पडलं तर कुणाचं अडेल’. दुसऱ्या दिवशी सगळी यादी पुन्हा पहिल्यापासून.

या नव्या नजरेने पाहिल्यावर पाठ केलेली जुनी नावंही जिवंत झाली. सुपर कॉम्प्युटर आणि मेनफ्रेम यांतला फरक मला कधीच कळला नव्हता; दोन्ही ‘फार मोठे’ एवढंच ठाऊक. खरं तर त्यांची कामं निराळी. सुपर कॉम्प्युटर एकच अवाढव्य गणित हजारो प्रोसेसरवर वाटून सोडवतो : हवामानाचा अंदाज, विमानाच्या पंखाभोवतीची हवा, औषधाच्या रेणूची घडण. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेचा फ्रंटियर सेकंदाला एकावर अठरा शून्ये इतक्या गणितांचा टप्पा ओलांडून वेगवान कॉम्प्युटरच्या जागतिक यादीत पहिला आला. मेनफ्रेमपुढे असं एक गणित नसतं. त्याच्यापुढे लाखो छोटे व्यवहार एकाच वेळी येतात, पैसे जमा, पैसे वजा, तिकीट आरक्षित, आणि त्यातला एकही हरवून चालत नाही. आयबीएमने १९६४ मध्ये सिस्टीम/३६० आणली तेव्हा वचन दिलं होतं की लहान मॉडेलवर लिहिलेला प्रोग्रॅम मोठ्यावरही चालेल. ती परंपरा आजच्या मेनफ्रेमपर्यंत टिकली आहे, आणि मला हे फार मोठं काम वाटतं.

चिपवरून प्रकार ओळखावा म्हटलं तर तेही फसतं. २०२० मध्ये वेगात जगात पहिला ठरलेला जपानचा फुगाकू हा सुपर कॉम्प्युटर ‘आर्म’ नावाच्या रचनेच्या प्रोसेसरवर चालतो, आणि जवळपास सगळे मोबाइल फोनही त्याच रचनेच्या प्रोसेसरवर.

ॲनालॉग, म्हणजे आकड्यांऐवजी हालचालीसारख्या गोष्टींनी गणित करणाऱ्या, कॉम्प्युटरचा उल्लेख आमच्या यादीत कुठेच आला नाही, पण तोही गैरसमज जाता जाता दूर झाला. काटा फिरणारी प्रत्येक तबकडी म्हणजे ॲनालॉग कॉम्प्युटर, असं मी समजत होते. काटा फक्त मोजतो. लॉर्ड केल्विन यांनी १८७० च्या दशकात भरती-ओहोटी सांगणारं यंत्र केलं, त्यात प्रत्येक कप्पी चंद्र-सूर्याच्या ओढीची एकेक लाट वरखाली होऊन दाखवायची, आणि सगळ्या कप्प्यांवरून गेलेली एकच दोरी त्यांची बेरीज करून पेनने कागदावर काढायची. आकडा एकही नाही, तरी गणित पूर्ण. तो खरा ॲनालॉग कॉम्प्युटर.

यादी बेचाळीसवर थांबली नाही. भिंतीवरचं बायोमेट्रिक हजेरीचं मशीन, प्रिंटर, राउटर, या सगळ्यांत प्रोसेसर आहे, मेमरी आहे, आत प्रोग्रॅम चालतो. प्रिंटरचा आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, ब्राउझरमध्ये टाकला तर त्याचं स्वतःचं पान उघडलं : किती कागद छापले, टोनर किती उरला, सगळं. एका ठरलेल्या कामासाठी वस्तूच्या आत बसवलेले हे एम्बेडेड कॉम्प्युटर. त्यांना वेगळं पान दिलं, कारण त्यांचे पासवर्ड कारखान्यातून आले तसेच होते आणि ते बदलणं तातडीचं होतं.

लॅपटॉपच्या बाबतीत एका गोष्टीचा मला मनापासून राग आला. आराखडे काढणाऱ्या सहकाऱ्याला पातळ, हलका लॅपटॉप दिला होता, कारण त्यावर ‘वरच्या’ प्रोसेसरचं नाव होतं. नाव तेच, पण शेवटी ‘यू’ अक्षर. म्हणजे साधारण १५ वॉटवर चालायला बनवलेला. त्याच नावाचा ‘एच’ साधारण ४५ वॉटचा. त्रिमितीय चित्र तयार करायला घेतलं की दहाव्या मिनिटाला लॅपटॉप तापायचा, स्वतःला वाचवायला वेग कमी करायचा आणि सहकारी बिचारा तासन्‌तास वाट बघत बसायचा. त्याला टेबलावरचं वर्कस्टेशन हवं होतं. आणि रोज चार ठिकाणी फिरणाऱ्या बाईंच्या टेबलावर जडशीळ डेस्कटॉप! दोघांचं काम आधी विचारलं असतं, तर दोघांचीही वर्षं वाचली असती.

बदलायच्या यादीतले नऊ डेस्कटॉप मी वाचवले. त्यांवर फक्त टायपिंग आणि ईमेल चालत होतं; हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी वेगवान डिस्क, बसवल्यावर ते मिनिटाऐवजी काही सेकंदांत सुरू व्हायला लागले.

टेबलाखालच्या मशीनवर मात्र ‘बदला’ असाच शेरा लिहिला. त्याच्या जागी नवा सर्व्हर आला, तेव्हा जुना आणि नवा आठवडाभर शेजारी शेजारी चालवले. रोज संध्याकाळी दोन्हींकडच्या फाइल जुळवून पाहिल्या. आठव्या दिवशी तिन्ही विभागांत जाऊन सांगितलं, उघड्या फाइल सेव्ह करायला लावल्या, आणि मग त्या धुळकट कॅबिनेटचं बटण दुसऱ्यांदा दाबलं. या वेळी कुठूनही आवाज आला नाही.