तुम्ही विचारलंत म्हणून: फुलफ्रेम आहे, मिडियम फॉरमॅट घेऊ का?

दर आठपंधरा दिवसांनी हा प्रश्न येतोच, कधी बोरा बाजारात लेन्स बघत उभा असतो तेव्हा, कधी लग्नाच्या हॉलवर जेवताना. "दादा, माझ्याकडे 61 मेगापिक्सलचा फुलफ्रेम आहे, आता 100 वाला मिडियम फॉरमॅट घेऊ का, खरंच फरक दिसतो का?" उभ्याउभ्या उत्तर देता येत नाही म्हणून एकदा बसून लिहितोय. (नवख्यांसाठी: सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातली उजेड टिपणारी चिप; फुलफ्रेम आणि मिडियम फॉरमॅट ही तिच्या मापांची नावं, मिडियम फॉरमॅट त्यातलं मोठं.)

आधी एक गोष्ट, जी बऱ्याच जणांना माहीतच नसते. सोनीच्या 61 मेगापिक्सलच्या ए सेव्हन आर फाइव्ह या फुलफ्रेमचा पिक्सल आणि फुजीच्या 102 मेगापिक्सलच्या जीएफएक्स या मिडियम फॉरमॅटचा पिक्सल एकाच मापाचा आहे, 3.76 मायक्रॉन. म्हणजे मिडियम फॉरमॅटचा पिक्सल मोठा म्हणून फोटो चांगला, असं काही नाही. पिक्सल तोच, फक्त जास्त आहेत, कारण सेन्सर मोठा आहे: फुलफ्रेम 36 बाय 24 मिलिमीटर, जीएफएक्स साधारण 44 बाय 33. क्षेत्रफळ बघितलं तर पावणेदोन पटीच्या थोडं आत. (फिल्मच्या काळात 120 नावाच्या रुंद फिल्मच्या रोलवर काम केलेल्यांना तर 44 बाय 33 ला मिडियम म्हणवतही नाही, कारण तिथे सगळ्यात लहान फ्रेमसुद्धा 56 बाय 41 च्या आसपास असायची.)

मग फरक कुठे पडतो? माझ्या कामात तो आकारात पडतो. फुलफ्रेमची फ्रेम 3:2, मिडियम फॉरमॅटची 4:3. माझं बरंचसं काम साड्यांचं आणि पेंटिंगच्या रिप्रॉडक्शनचं, आणि तिथे मला लांबट फ्रेम नकोच असते, दोन्ही बाजू कापाव्या लागतात. 61 मेगापिक्सलची फाईल 4:3 मध्ये कापली की साडेत्रेपन्नच्या आसपास उरते, 102 ची तशीच राहते. म्हणजे कागदावर 61 विरुद्ध 102 दिसतं पण माझ्या टेबलावर जवळजवळ दुप्पट होतं. तुम्ही जर लांब, आडवे लँडस्केप काढत असाल तर हा फायदा तितकाच कमी होतो, तेव्हा आधी स्वतःचे फोटो कोणत्या आकारात जातात ते बघा.

दादरच्या एका साडीवाल्या काकूंना त्यांच्या घरातल्या जुन्या पैठणीचा पदर 30 बाय 40 इंच प्रिंट करून दुकानात लावायचा होता. मी फुलफ्रेमवर काढला, त्या मापाला इंचाला 211 पिक्सल मिळतात, दोन पावलं मागे उभं राहिलं तर सुंदर. पण काकू मागे उभ्या राहणाऱ्या नाहीत, त्या प्रिंटला नाक लावून बघतात, आणि मोराच्या मानेतला निळा-हिरवा धागा तिथे एकमेकांत मिसळत होता. मग एक दिवसासाठी जीएफएक्स भाड्याने आणला, तोच उजेड, तीच जागा, आता इंचाला 291. मोराची मान तर सुटीसुटी झालीच, पण पदराच्या काठाला एका जागी जरीची तार तुटलेली आणि तिथे पिवळ्या रेशमाने बारीक टाके घातलेले, ते मला शूट करताना दिसले नव्हते, फुलफ्रेमच्या फाईलमध्ये नुसता पिवळसर डाग वाटत होता. काकूंनी प्रिंटवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हे रफू आमच्या सासूबाईंनी केलंय." त्या एका बोटासाठी दिवसाचं भाडं वसूल झालं असं मला मनापासून वाटतं.

पण म्हणून सगळ्यांनी घ्यावा का, तर नाही. होर्डिंगसाठी हवाय असं सांगणारे भेटतात, त्यांना मी माहीमच्या रस्त्यावर नेऊन होर्डिंग दाखवतो, ते शंभर फुटांवरून बघायचं असतं, तिथे 24 मेगापिक्सल पुरतात. पिक्सल लागतात ते हातभर अंतरावरून बघायच्या वस्तूला.

दुसरं, मिडियम फॉरमॅटमध्ये बॅकग्राउंड जास्त ब्लर होतं, ही समजूत. एफचा आकडा जितका लहान तितकं ब्लर जास्त, आणि जीएफएक्सच्या लेन्समधला 80 एमएम एफ 1.7 फुलफ्रेमच्या हिशोबात साधारण 63 एमएम एफ 1.3 पडतो. फुलफ्रेमला 85 एफ 1.2 मिळतो की! उजेडाचंही तेच, मोठ्या सेन्सरचा फायदा दोनतृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट), आणि तुमच्या निकॉनचा बेस आयएसओ, म्हणजे सेन्सरची सगळ्यात कमी मूळ संवेदनशीलता, 64 असेल तर 100 बेस असलेल्या जीएफएक्ससमोर तो जवळजवळ भरून निघतो. 16 बिटचंही (म्हणजे छटा किती बारीक नोंदवल्या जातात त्याचं) खूप ऐकू येतं, मी फोटोतल्या सावल्या उजळून उजळून बघितलं, 14 बिटपेक्षा वेगळं मला तरी दिसलं नाही, फाईल मात्र 200 एमबीच्या घरात जाते.

लग्नवाल्यांनी तर फुलफ्रेमच ठेवावा. अंतरपाट खाली येतो तो एक सेकंद, नवरीची मान वर होते, त्या सेकंदाला फोकस आणि स्पीड दोन्ही लागतात. हां, भर दुपारी वरळी सी-फेसला फ्लॅश लावून पोर्ट्रेट काढत असाल तर हॅसलब्लाडचा विचार करा, कारण त्यांच्या एक्स सिरीजच्या लेन्समध्येच लीफ शटर (पात्यांनी उघडझाप करणारं) असतं आणि 1/2000 सेकंदाला सुद्धा फ्लॅश सिंक होतो, म्हणजे फ्लॅशचा उजेड पूर्ण फ्रेमवर पडतो; जीएफएक्स 1/125 वर थांबतो, ए सेव्हन आर फाइव्ह 1/250 वर.

मी स्वतः अजून घेतलेला नाही. फुलफ्रेम माझा, मिडियम फॉरमॅट कामापुरता भाड्याने. घ्यायचाच असेल तर तुम्हीही आधी एक दिवस भाड्याने आणा आणि तुमची सगळ्यात मोठी प्रिंट काढून भिंतीला लावून बघा.

आणि ट्रायपॉड चांगला ठेवा. माझा गाळा परळला रुळांच्या जवळ आहे, जरीवर थेट फ्लॅश मारला की ती पांढरी पडते म्हणून मी एलईडी बाजूने टाकतो, पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) लावतो, एक्स्पोजर अर्ध्या सेकंदावर जातं. तेवढ्यात लोकल गेली की 102 मेगापिक्सलमध्ये धागा दोनदा दिसतो. काकूंचा पदर शेवटी मी रात्री सव्वा वाजता काढला, शेवटची गाडी गेल्यावर.